उंड्याचं पोट आणि माझा डोळा

२७ नोव्हेंबर १९९६, बुधवार

उंडो आज जेवला नाही! सकाळी पाववाल्या पोदेराच्या सायकलचा पों-पों ऐकला की फाटकापर्यंत धावणारा हा बोका, दुधात कुस्करलेला पाव वाटीभर लागतो ह्याला, आणि आज चुलीमागून हलला नाही. सहा वर्षांपूर्वी असाच पोदेराच्या मागोमाग आला आणि पायरीवर अंगाची घडी करून बसला. पोदेराच्या उंड्या पावासारखा तांबूस, तसाच गोल. म्हणून नाव उंडो. शेपटीचं टोक तेवढं पांढरं.

हल्ली मला तो त्या टोकावरूनच कळतो. उजव्या डोळ्यात मोतीबिंदू पिकलाय, डावा त्याच वाटेवर आहे. सगळं जग पेजेच्या निवळीतून बघितल्यासारखं दिसतं. माणसं आवाजावरून ओळखते, मांजर शेपटीवरून. ही वहीसुद्धा स्केचपेनाने लिहिते, पानावर जेमतेम आठ ओळी! हे म्हणतात, "निवडणुकेचो बोर्ड रंगयता काय गो?"

हे म्हणजे आमचे हे. चाळीस वर्षांत नवऱ्याचं नाव तोंडाने घेतलं नाही. पण हाताने लिहायला कोण अडवतो? गोकुळदास! गोकुळदास! गोकुळदास! — बरं वाटलं.

२८ नोव्हेंबर

कारण सापडलं. आणि कारण मीच.

दर शुक्रवारी देवीला अबोलीचा वळेसर, म्हणजे गजरा, करून देते. पूर्वी केळीच्या सोपटाचे तंतू काढून ओवायची. आता तंतूचं टोकच दिसत नाही, म्हणून उन्हाळ्यापासून शिंप्याकडचा दोरा वापरते. आज केर काढताना खाटेखाली रीळ हाताला लागलं. ओलं, चावलेलं, निम्मं रिकामं. ह्यांनी टॉर्च घेऊन उंड्याचं तोंड उघडलं.

"जिबेखाला दोरो आसा गो. आनी तो भितर गेला."

शेजारची विमला धावत आली. "ओढून काड मगे!" हे ओढायला निघाले होते. मी हात धरला. का धरला माहीत नाही, धरला खरा.

माझ्या हातून दोरा पडला आणि मला दिसला नाही. एवढीच गोष्ट. एक वर्ष हे कानीकपाळी ओरडतायत, डोळा करून घे, डोळा करून घे. मी भित्री. सुई बघून पळणारी. आणि फळ भोगतंय कोण? मांजर!

२९ नोव्हेंबर, शुक्रवार

म्हापशाला जाऊन आलो. उंड्याला पांटल्यात, वेताच्या टोपलीत, घातला, वर जुना टॉवेल बांधला. आज बाजाराचा दिवस, बस गच्च. कंडक्टर म्हणाला, पांटल्याचं तिकीट काढा. हे म्हणाले, आत माणूस आहे काय? उंडो नेमका त्याच वेळी ओरडला. अर्धं तिकीट काढावं लागलं!

हे काही मांजरासाठी आले नव्हते हं. ह्यांना कोयत्याची मूठ घ्यायची होती. बसमधल्या तिघांना तसं बजावून सांगितलं. मूठ आणायची तेवढी राहिली.

जनावरांची डॉक्टरीण अगदी तरुण, सिद्धी नाव. हात मात्र पोक्त बाईचे. पोट दाबून बघितलं, फोटो काढला, मग माझ्याकडे वळली. "मावशे, दोरो आंतड्यांत अडकला. आंतडीं गोळा जाल्यांत. पोट उगडूंक जाय." म्हणाली, ओढला नाहीत ते फार चांगलं केलंत, आतडं चिरलं असतं. विमलेला सांगायला हवं.

ऑपरेशन, औषधं, दोन रात्री दवाखान्यात — अडीच हजार. आणि तरीसुद्धा वाचेल ह्याची खात्री नाही. अर्धी आशा, अर्धी नाही. सलाइन लावून दिलं. रविवारपर्यंत ठरवा म्हणाली, पुढे उशीर होईल.

फाटकाबाहेर आल्याबरोबर हे सुरू. "अडीज हजार? माजराक? अडीज हजारांनी दुदाची शेळी येता गो!"

मी म्हटलं, "शेळी म्हजे पायांर न्हिदतली?"

माझ्या पायाशी झोपतो तो उंडोच.

३० नोव्हेंबर

डब्यात बेचाळीसशे आहेत. बिस्किटांच्या डब्यात, तांदळाच्या पिंपात पुरलेला. ते माझ्या डोळ्याचे पैसे. सहा हजार झाले की डोळा करायचा असं ठरलं होतं. खरं सांगू? पैसे हळू हळू जमतायत ह्याचा मला आतून आनंदच होता. दर महिन्याला काहीतरी निमित्त काढून त्यातले शंभर मीच उडवायची!

सकाळी म्हटलं, डब्यातले घ्या.

"आनी डोळो?"

"डोळा थांबेल. उंडो थांबणार नाही."

त्यावर इतके चिडले की चहात साखर घालायची विसरले आणि तसाच प्याले. विमला कुंपणापलीकडून सगळं ऐकत होती. तिला राहवतंय कुठे! "वैनी, गांवांत लोकांक डॉक्टर मेळना आनी तुमी माजराचें पोट कापतात?" खरं आहे तिचं. पण आत चुलीपाशी गेले आणि उंड्याने माझ्या हातावर डोकं टेकलं. इतकं हलकं. त्याच्यापुढे विमलेचं खरं काय करू मी?

शेवटी हे म्हणाले, देवीला विचारूया.

आमच्याकडे सगळं देवीला विचारून. बोअरवेल, मुलीचं स्थळ, घराचं दार कुठे काढायचं — सगळ्याला प्रसाद लावलेला आहे. देवीच्या अंगाला ओल्या पाकळ्या चिकटवायच्या, उजवी आधी पडली तर हो, डावी पडली तर नाही. खाणीवर हजेरी लिहायची नोकरी लागली तीसुद्धा उजवी पाकळी पडली म्हणून धरली होती ह्यांनी. मग मांजराला का नको? पण डावी पडली तर संपलं. देवीला दुसऱ्यांदा विचारत नाहीत.

म्हणून संध्याकाळी मी लबाडी केली. केळ्यांचा घड घेऊन सगुण भटाकडे गेले. म्हटलं, भटजी, उद्या उजवीकडची पाकळी जरा हलक्या हाताने लावाल? पाणी थोडं कमी?

"वैनी! देवी पळयता!"

देवी बघते म्हणे! केळी मात्र ठेवून घेतली.

१ डिसेंबर, रविवार

सकाळी देवळात. उंडो पांटल्यात, पांटलो बाहेर पिंपळाच्या पारावर. सगुण भटाने देवीला पाकळ्या लावल्या. मला काय दिसणार? काळ्यावर लाल ठिपके. भटानेच गाऱ्हाणं घातलं, "आवय, मुक्या जिवाचो प्रस्न आसा. करपाचें जाल्यार उजवी दी, ना जाल्यार डावी."

थांबलो. थांबलो. भटाने पाकळ्या चांगल्या चिकटवल्या होत्या, मेल्याने! पाव तास झाला. बाहेर उंडो एकदाच बारीक ओरडला.

तेवढ्यात हे उठले. "कितें उकडटा हांगा!" म्हणाले आणि गेले खांबाकडे. डिसेंबरात! पहाटे ह्याच माणसाने शालीतून तोंड बाहेर काढलं नव्हतं. खट्ट करून बटण वाजलं, पंखा कुरकुरत फिरायला लागला. आणि दुसऱ्याच फेऱ्याला सगुण भट ओरडला, "उजवी! उजवी दिली!"

माझ्या डोळ्यांना पाकळी दिसली नाही. पण कान तर शाबूत आहेत ना! पंख्याचा आवाज मी ऐकला, गोकुळदास.

देवळातूनच हे उंड्याला घेऊन म्हापशाच्या बसला गेले. मला नेलं नाही. "तुका दिसना, गर्देंत पडशी."

२ डिसेंबर

निरोप नाही.

३ डिसेंबर

आले! दोघेही आले! संध्याकाळच्या बसने. मी फाटकाशीच उभी होते. हे पांटलो घेऊन उतरले, खांद्याला पिशवी. मी टॉवेल उचलला, पांढरं टोक हललं आणि माझा जीव भांड्यात पडला. रडले. विमलेसमोर रडले, लाज वाटली नाही.

पोटाला पट्टी आहे, जुन्या धोतराची. "पोटाक हात लावपाचो ना. डॉक्टरान बजावून सांगलां," हे म्हणाले. ह्यांचे हात कोपरापर्यंत ओरबाडलेले. भुलीतून जागा होताना ह्यांना बोचकारलं म्हणे. आपल्याच माणसाला! दोन रात्री बाकावर झोपलेत, डोळे सुजलेत, आवाज बसलाय. जेवा म्हटलं तर नको. आल्या आल्या पिकास घेऊन अबोलीच्या वाफ्याकडे गेले. मी म्हटलं, ह्या वेळी?

"माती भुसभुशीत करतां. तूं भितर बस."

चाळीस वर्षांत ह्यांनी माझ्या अबोलीला तांब्याभर पाणी घातलं नव्हतं. ऑपरेशन मांजराचं झालं, गुण ह्यांना आला!

५ डिसेंबर

काय हो ही डॉक्टरीण! पोट फाडलेलं मांजर चौथ्या दिवशी फणसावर! पट्टीसकट! हे खाली उभे राहून हाका मारतायत आणि वर हा ढिम्म. नाव विसरलाय. भुलीने असं होतं म्हणतात हे.

म्हापशाला जाणाऱ्याकडून सिद्धीला लिंबाच्या लोणच्याची बाटली पाठवते म्हटलं तर ह्यांना ठसका लागला.

९ डिसेंबर

उंड्याने आज बांगड्याचं डोकं पळवलं. आमच्या उंड्याने! जन्मात मासळीला तोंड लावलं नाही ह्याने, पावावर वाढलेला जीव. दुधातल्या पावाकडे आता बघतसुद्धा नाही. हे म्हणतात, आतडं नवं झालं, चव नवी झाली.

विमला बघायला आली. ओट्यावर बसली, उंड्याकडे बोट केलं आणि म्हणाली, "अगो, हो तर—"

हे केवढ्यांदा खोकले! "विमला, च्या घे गो! बस, बस, हांव करून हाडटां!" आणि खरंच आत जाऊन चहा केला. ह्यांनी! कप हातात घेऊन विमला म्हणाली, "हो तर... कितलो बारीक जाला गो." मग दोन कप चहा पिऊन गेली.

१४ डिसेंबर

एक कोडं. उंड्याच्या शेपटीला दातपावडरीचा वास येतो.

दुसरं कोडं. महिन्याचा दातपावडरीचा डबा दहा दिवसांत संपला. ह्यांना दात किती उरलेत, तर नऊ! विचारलं तर म्हणाले, दिसाक दोन फावटी घासतां. सडलेले ते वाचवायची आता आठवण झाली? उंडो न्हाणीत ह्यांच्या पायात घुटमळतो, तिथेच सांडत असेल म्हणा.

१५ डिसेंबर

रात्री पायाशी येऊन झोपला. ऑपरेशननंतर पहिल्यांदा. आधी जरा लांब बसला, विचार केला, मग आला. मी हललेच नाही.

अडीच हजारांचं काय म्हणून कोणी विचारलं तर हे सांगेन. कोणी विचारत नाही.

२२ डिसेंबर

डिचोलीहून जीप आली भोंगा लावून. "नेत्रशिबिर! मोफत! १२ जानेवारी! मोतीबिंदूचें ऑपरेशन फुकट, चश्मो फुकट!" विमला कुंपणावरून उडी मारायचीच बाकी. तिने माझं नाव घालूनसुद्धा टाकलं.

पण ह्या वेळी पळायचं नाही असं ठरवलंय. उंडो एवढासा जीव, पोट फाडून घेऊन चौथ्या दिवशी झाडावर चढला. मला काय धाड भरलीय?

हे खूश होतील म्हणून ओट्यावर जाऊन सांगितलं. हे म्हणाले, "घाय कित्याक?"

घाई? एक वर्ष ओरडणारा माणूस!

२४ डिसेंबर

कारणं, जशी काढली तशी लिहून ठेवते. फुकटचं काम कच्चं असतं. थंडीत डोळ्याला हात लावू नये (गेल्या डिसेंबरात: थंडीतच करायचं, जखम लवकर सुकते!). शिगमो होऊ दे. उंड्याला अजून सांभाळायचंय. आणि शेवटी काल रात्री, दिवा मालवल्यावर, एकदम हळू, "तुका कितें पळोवपाचें आसा इतलें?"

मी गंमत करायला गेले. म्हटलं, तुमचं तोंड बघायचंय. हसले नाहीत. काहीतरी खातंय ह्यांना. मी आंधळी होऊन घरात बसले तर बरं, असं तर ह्यांच्या मनात नाही? छे. पण ही शंका शिवली मला आणि झोप लागली नाही. चाळीस वर्षांत ह्या माणसाची मला कधी भीती वाटली नव्हती.

२९ डिसेंबर, रविवार

ह्यांनीच काढलं, देवीला विचारूया. चला म्हटलं.

पुन्हा सगुण भट, पुन्हा पाकळ्या, पुन्हा माझ्यापुढे काळ्यावर लाल. केळी नेली नव्हती. गाऱ्हाणं संपलं आणि मी ह्यांच्याकडे वाकून विचारलं, "उकडत नाही तुम्हाला?"

"ना," म्हणाले. खांबाकडे गेले नाहीत. हात जोडून उभे होते.

गाऱ्हाण्याच्या मागोमागच पडली. वारा नाही, पंखा नाही. "उजवी!" भट म्हणाला.

हे देवीच्या पायरीवर मटकन बसले. वाटेत मी हात धरला तर तळवा घामाने ओला. मग म्हणाले, "देवीन सांगलें न्हय. करूंया."

११ जानेवारी १९९७

उद्या. पिशवी भरली — टॉवेल, तांब्या, चादर. भीती वाटते, फार वाटते. उंडो पिशवीवर चढून बसलाय, जणू हाच जायचाय.

हे संध्याकाळपासून त्याला मांडीवर घेऊन ओट्यावर बसलेत. मला वाटलं कोणाशी तरी बोलतायत. जवळ गेले तर मांजराला सांगत होते, "आतां तुजें कितें जातलें रे?"

काय व्हायचंय त्याचं? दोन दिवसांत येतेच आहे मी!

१४ जानेवारी, मंगळवार. संक्रांत

पट्टी काल सुटली. काळा चश्मा देऊन संध्याकाळी घरी सोडलं. काळोखच होता, काही बघितलं नाही, पडून राहिले.

आज सकाळी पोदेराचा पों-पों झाला. उठले, चश्मा कपाळावर सरकवला आणि खिडकीतून बघितलं. फाटकाची कडी दिसली. कडीचा गंजसुद्धा दिसला! आणि अंगणात हे उकिडवे बसलेले. बाजूला खोबरेल, बाजूला दातपावडरीचा नवा डबा. मांडीत एक तांबूस बोका. त्याच्या शेपटीच्या टोकाला तेलाचं बोट, मग पावडरीचं बोट. हा शेपूट देऊन शहाण्यासारखा बसलेला, रोजची सवय असल्यासारखा. उरलेली शेपटी तांबूस. पोटावर टाका नाही, वण नाही.

अबोलीच्या वाफ्यात मधे हातभर जागा मोकळी सोडलीय. तिथे चिऱ्याचा तुकडा उभा, वर आजचं ताजं फूल.

त्या संध्याकाळी पांटल्यातून आला तो उंडो नव्हताच. उंडो खांद्याच्या पिशवीतून आला होता. डॉक्टर म्हणाले होते रडू नका, टाका आहे. रडले.

मग पावलं वाजली. चश्मा खाली ओढला. हे दारात उभे, पांढरी बोटं घाईने पाठीमागे नेली. "कशें गो? दिसता मगे?" आवाज असा की पाकळी पडायची वाट बघतायत.

म्हटलं, "आजून धुकेंच आसा. उंड्याची शेपडी तेवडी दिसता."